माशीचे पंख आणि दामूचा नारळ

बोईसरच्या नवतारा सोसायटीचं गेट दोन खांबांच्या मधोमध आहे. गेट दुसरीकडे कुठे असणार, असं कुणीही म्हणेल. पण त्या रविवारी भर सभेत सेक्रेटरी सावेकाकांनी हे वाक्य प्रफुल्लराव चुरी यांच्याकडे बघून, एकेक शब्द सुटा करून उच्चारलं, कारण प्रफुल्लरावांच्या गाडीनं त्यातला डावा खांब पुन्हा वाकवला होता. खांब लोखंडी होता, नवा होता आणि मागच्या अपघातानंतर प्रफुल्लरावांनीच तो बसवून दिला होता. तेव्हा त्याला धडक देण्याचा थोडाफार हक्क खरं तर त्यांना पोहोचत होता, पण हा मुद्दा मांडण्याची ती वेळ नव्हती.

"खांब काय चालत पुढे येतो का, प्रफुल्लभाऊ?" सावेकाकांनी विचारलं.

"तो असतो तिथेच असतो, हे मला मान्य आहे," प्रफुल्लराव म्हणाले. "पण तो नेमका किती तिथे आहे, हे आधी कळत नाही."

सावेकाका तारापूरला सुरक्षा विभागात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. धोका दिसला की त्याला दाखला चिकटवायचा, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी ठराव मांडला की चुरी यांनी डोळे तपासून डॉक्टरांचा दाखला आणावा, तोपर्यंत त्यांची गाडी गेटच्या बाहेर राहील. ठराव एकमतानं मंजूर झाला. प्रफुल्लरावांनीही हात वर केला होता, कारण त्यांना वाटलं चहाबद्दल विचारतायत.

प्रफुल्लराव एका केमिकल कंपनीत स्टोअर्सला होते. माणूस सरळ, वक्तशीर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त वस्तूंशी त्यांचं जमायचं नाही. चहा ओतला तर बशीत जायचा, कपात नाही. कुणी हात पुढे केला की यांचा हात समोरच्याच्या मनगटावर पोहोचायचा आणि नाडी बघितल्यासारखं व्हायचं. स्वतःच्या लग्नात त्यांनी हार घातला तो आधी नुसत्या हवेत. अंतरपाट केव्हाच निघालेला, नवरी मान पुढे करून उभी आणि हार खाली. स्वातीताईंच्या माहेरची माणसं अजूनही तो फोटो काढून बघतात.

हे सगळं लहानपणापासूनच. चुरी मूळचे दातिवऱ्याचे, समुद्राच्या बाजूला चिकूची वाडी. वडील झाडावर चढून चिकू खाली टाकायचे आणि खाली भावंडं झेलायची. प्रफुल्लच्या वाट्याचा चिकू हातात कधी आला नाही. तो कपाळावर यायचा नाहीतर पायावर. वडील वरून म्हणायचे, "ह्याच्या हातात ठेवायचं, टाकायचं नाय." चिडून नाही म्हणायचे ते. पण हे आपल्याला समजूतदारपणानं सांगितलं जातंय, हेच प्रफुल्लला फार लागायचं.

वर्षाचा एकच दिवस वेगळा असायचा, तो नारळी पौर्णिमेचा. त्या दिवशी दातिवऱ्याला वरच्या आणि खालच्या आळीत नारळफोडी लागते. एकानं सोललेला नारळ मुठीत घट्ट धरून हात पुढे करायचा आणि दुसऱ्यानं आपल्या हातातला नारळ त्यावर सगळ्या ताकदीनं हाणायचा. ज्याचा फुटला तो हरला. पण दातिवऱ्याचा खरा नियम निराळा. मार येताना धरणाऱ्याचा हात हलला, जरासा जरी मागे गेला, तरी नारळ न फुटताच बाद. भलेभले तिथेच संपतात, कारण नारळाच्या खाली बोटं आपली असतात. खालच्या आळीचा दामू मारायला उभा राहिला की वरच्या आळीत धरायला माणूस मिळत नसे. मिळे तो फक्त प्रफुल्ल. त्याचा हात हलत नसे. पापणी लवत नसे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा वडिलांनी त्याच्या पाठीवर थाप मारून साऱ्या आळीला सांगितलं होतं, "माझा लेक कोणाला भ्यायचा नाय!" वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांनी लेकाचं केलेलं ते एकुलतं एक कौतुक, आणि प्रफुल्लरावांनी ते आजवर जपून वापरलं होतं. कंपनीत साहेब ओरडले की ते मनात म्हणायचे, ओरडा, मी दामूपुढे हात धरलाय.

तर दाखला. पालघरच्या डॉक्टर हिना यांच्याकडे ते स्वातीताईंना घेऊन गेले. उजव्या डोळ्यानं प्रफुल्लरावांनी तक्त्याची सगळ्यात खालची ओळ वाचली. डाव्या डोळ्यानंही वाचली.

"सावेकाकांना फोन लाव," ते बायकोला म्हणाले.

"थांबा जरा," डॉक्टर हिना म्हणाल्या आणि त्यांनी एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पुढे ठेवलं. त्यात तळहाताएवढी माशी होती. माशीच. वर एक काळसर चष्मा दिला. "हा लावा आणि माशीचे पंख चिमटीत धरा."

सभ्य, नोकरदार, मुलगी इंजिनीअर झालेल्या माणसाला एक तरुण डॉक्टर बाई पुस्तकातली माशी धरायला सांगते आहे, यात काही चेष्टा तर नाही ना, हे प्रफुल्लरावांनी तिच्या चेहऱ्यावर शोधलं. चेष्टा नव्हती. त्यांनी बोट कागदावर टेकवलं. "धरले."

"कुठे?"

"कागदावर. आणखी कुठे असणार?"

डॉक्टरांनी चष्मा स्वातीताईंना दिला. स्वातीताईंनी पुस्तकाकडे बघितलं, "ई!" करून किंचाळल्या आणि खुर्चीसकट मागे गेल्या. मग धीर करून त्यांनी हात पुढे केला आणि कागदाच्या चांगलं वर, हवेत, काही नसलेल्या ठिकाणी चिमूट धरली.

"अगं, तिथे काही नाही," प्रफुल्लराव म्हणाले.

"अहो, पंख आहेत!"

"हवेत?"

"हवेतच तर!"

संसारात त्यांचे मतभेद पुष्कळ झाले होते, पण माशीचे पंख कुठे आहेत यावरून पहिल्यांदाच. प्रफुल्लरावांनी चष्मा पुन्हा लावला, काढला, उलटा लावला. माशी आपली छापल्यासारखी पडून होती.

डॉक्टर हिनांनी त्यांना अंगठा समोर धरायला लावला आणि एकेक डोळा आळीपाळीनं मिटायला सांगितलं. अंगठा कॅलेंडरवरून दाराच्या कडीवर उडी मारत होता आणि परत येत होता.

"दोन डोळ्यांमध्ये अंतर आहे ना, म्हणून दोघांना थोडं वेगवेगळं दिसतं," त्या म्हणाल्या. "जवळच्या वस्तूत फरक जास्त, लांबच्या वस्तूत कमी. मेंदू दोन्ही चित्रं एकावर एक बसवतो आणि त्या फरकावरून काय पुढे, काय मागे ते ठरवतो. म्हणून आपल्याला खोली दिसते. तुमचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा अगदी किंचित वर बघतो, बाहेरून कळतही नाही. त्यामुळे चित्रं नीट बसत नाहीत. मग मेंदूनं लहानपणीच वाद मिटवून टाकला. एका वेळी एकाच डोळ्याचं ऐकायचं."

"मग दुसरा काय करतो?"

"हजर असतो."

प्रफुल्लरावांना आपल्या स्टोअर्समधली दोन-तीन माणसं आठवली आणि इथपर्यंतचं त्यांना समजलं.

"मग मी इतकी वर्षं चाललो कसा? गाडी कशी चालवली?"

"पुढची वस्तू मागचीला झाकते, लांबची लहान दिसते, सावली पडते. अशा खुणांवर बरंच निभतं. हाताच्या टप्प्यातलं चुकतं."

"पण डॉक्टर," प्रफुल्लराव पुढे सरकून म्हणाले, "खोली दिसते म्हणजे नक्की काय दिसतं?"

डॉक्टर हिनांनी तोंड उघडलं. मिटलं. खिडकीबाहेर बघितलं. "ते दिसतं," त्या म्हणाल्या. "दिसलं की कळेल."

या उत्तरानं प्रफुल्लरावांची झोप उडाली. बाकी सगळ्या जगाला फुकटात काहीतरी दिसतंय आणि आपल्याला ते काय आहे हेसुद्धा ठाऊक नाही! मनोरच्या सासुरवाडीच्या लोकांना, कंपनीतल्या हमालांना, इतकंच काय, सावेकाकांनासुद्धा ते दिसतं. त्यांनी सोसायटीत एकेकाला गाठून विचारायला सुरुवात केली.

"म्हणजे पुढचं पुढे दिसतं आणि मागचं मागे," सावेकाका म्हणाले.

"ते मलाही दिसतं."

"मग तुम्हाला काय दिसत नाही?"

"ते मला कसं सांगता येईल? ते मला दिसत नाही ना!"

सावेकाकांनी बाकावर बसल्या बसल्या एक डोळा मिटून बघितलं. मग म्हणाले, एक डोळा मिटून मलाही सगळं तस्संच दिसतंय, हे डॉक्टरांचं काहीतरी खूळ आहे. ते सिद्ध करायला त्यांनी उजवा डोळा मिटून थर्मासातला चहा ओतला. चहा पायजम्यावर गेला. समोर राहणाऱ्या रूपलबेननी एक डोळा मिटून सुईत दोरा घालायला घेतला आणि दुपारपर्यंत तो गेला नाही. मग सोसायटीला नादच लागला. जिन्यात, पार्किंगमध्ये, भाजीवाल्यासमोर माणसं एक डोळा मिटून हात पुढे करून चाचपडू लागली. आठवडाभरानं वॉचमन तोंड उतरवून सावेकाकांकडे आला. "साहब, सब मैडम लोग आजकल मुझे आँख मार रही हैं। मैं शादीशुदा आदमी हूँ।" दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली: सामाईक जागेत कोणीही एक डोळा मिटून फिरू नये.

दाखल्याचं मात्र भिजत घोंगडं पडलं. डॉक्टर हिनांनी लिहून दिलं होतं की दोन्ही डोळ्यांची नजर स्वतंत्रपणे उत्तम आहे, एकत्र मात्र खोलीचं ज्ञान नाही. सावेकाका म्हणाले, हा दाखला डोळे चांगले असल्याचा की वाईट असल्याचा, ते सरकारी शिक्क्यानिशी आणा. प्रफुल्लराव एका सरकारी कचेरीत गेले. पहिल्या खिडकीवर विचारलं, "दिसत नाही का?" ते म्हणाले, "दिसतं." "मग दुसऱ्या खिडकीवर जा." दुसऱ्या खिडकीवर विचारलं, "सगळं दिसतं ना?" ते म्हणाले, "सगळं नाही." "मग पहिल्या खिडकीवर जा." चार वाजेपर्यंत हे चाललं. शेवटी दोन्ही खिडक्यांतल्या बाबूंनी एकमेकांशी बोलून ठरवलं की हे गृहस्थ जेवण्याच्या सुट्टीआधी यायला हवे होते, आणि ती सुट्टी तर होऊन गेली.

एका संध्याकाळी प्रफुल्लराव बाकावर बसले असताना मैदानातून क्रिकेटचा चेंडू आला. सावेकाका खाली वाकले, रूपलबेननी पिशवी डोक्यावर धरली. प्रफुल्लराव ताठ बसून राहिले आणि चेंडू त्यांच्या कपाळावर बसला.

"प्रफुल्लभाई, तुम्ही तर हललेच नाही!" रूपलबेन धावत आल्या. "येताना दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला," कपाळ चोळत प्रफुल्लराव म्हणाले. "पण तो येतोय असं..."

आणि ते बोलता बोलता थांबले. चेंडूपेक्षा जोरात काहीतरी त्यांना लागलं होतं. दामूचा नारळ. तोही असाच यायचा. चित्रासारखा समोर दिसायचा आणि एकदम हाताला हादरा बसायचा. मधलं काही नाहीच. म्हणजे आपण हात मागे घेतला नाही ते धैर्यानं नव्हे तर... तर वडिलांनी पाठीवर थाप मारली ती कशाला? डोळ्याच्या दुखण्याला?

त्यांनी तिथूनच डॉक्टर हिनांना फोन करून सगळं सांगितलं. "असेलही, नसेलही," त्या म्हणाल्या. "येणारी वस्तू मोठी होत जाते, ते एका डोळ्यालाही कळतं. शिवाय काही माणसं खरंच शूर असतात."

काही माणसं. आपण त्यांत आहोत की नाही, हे आता प्रफुल्लरावांना हवं होतं. चष्मा केला आणि खोली दिसू लागली तर कळणार होतं. पण मग नाही निघालो शूर, तर? रात्रंदिवस त्यांना दुसरं काही सुचेना. स्वातीताईंना त्यांनी हे सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "आणि खांबाचं काय?" आणि चष्मा करायचं ठरलं.

चष्म्याच्या काचा खास होत्या, नजर किंचित वळवून दोन्ही चित्रं जुळवणाऱ्या. चष्मेवाल्यानं त्या पहिल्यांदा उलट्या बसवल्या. प्रफुल्लराव दुकानातून घरी आले तेव्हा त्यांना जिन्यात दोन सावेकाका दिसले, एक वर आणि एक खाली, आणि दोघेही नोटीस लावत होते. त्यांनी नम्रपणे दोघांनाही नमस्कार केला आणि मधून जायला गेले. काचा बदलून मिळेपर्यंत सावेकाका गुडघ्याला हळद लावत होते.

शिवाय व्यायाम होता. लांब दोऱ्यात तीन रंगीत मणी ओवायचे, दोऱ्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं नाकाशी धरायचं आणि एकेका मण्याकडे टक लावून बघायचं. स्वातीताईंनी दाराच्या तोरणातले मणी काढून दिले. समोरच्या खिडकीतून रूपलबेनना दिसलं ते एवढंच, की प्रफुल्लभाई नाकाला दोरा लावून डोळे तिरळे करून तासन्‌तास बसतात. त्यांनी पहिल्या दिवशी लिंबू-मिरची पाठवली. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः आल्या आणि हळूच विचारलं, यानं शेअर कुठला वर जाणार ते दिसतं का? सावेकाकांनी नोटीस लावली की खिडकीच्या गजांना दोऱ्या बांधू नयेत, इमारतीच्या रंगकामाला बाधा येते.

महिने गेले. काही होईना. मणी मण्यासारखे, दोरा दोऱ्यासारखा. प्रफुल्लरावांना मनातून बरंच वाटू लागलं होतं.

मग एके सकाळी दात घासताना त्यांनी बाल्कनीतून सहज बाहेर बघितलं. रोजचंच शेवग्याचं झाड. आणि त्या झाडाच्या पानांच्या मध्ये जागा होती. एक डहाळी इकडे, दुसरी तिच्या मागे, आणि दोघींच्या मध्ये हवा, हात घालता येईल अशी. झाड हिरव्या पडद्यासारखं नव्हतंच. ते भरलेलं होतं आणि रिकामंही होतं. प्रफुल्लराव ब्रश तोंडात धरून उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आपल्या वयाची बावन्न वर्षं झाडं अशीच होती आणि कुणी सांगितलं नाही! सांगितलं असतं तरी कळलं नसतं, हेही खरंच.

"स्वाती!" ते ओरडले. स्वातीताई लाटणं घेऊन धावत आल्या. प्रफुल्लरावांनी त्यांच्याकडे बघितलं आणि आनंदानं म्हणाले, "अगं, तुझं नाक पुढे आहे!"

लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईला सकाळी सकाळी हे ऐकून काय वाटावं? "म्हणजे?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे चेहऱ्याच्या पुढे! चांगलंच पुढे! मला वाटायचं ते चेहऱ्यावर आहे!"

त्या दिवशी डब्यात भाजी नव्हती.

आणि मग ते भिऊ लागले. पंखा डोक्यावर आला म्हणून वाकू लागले. स्वातीताई वाढायला आल्या की पळी अंगावर येतेय म्हणून मागे सरकू लागले. रस्त्यात कुणाच्या छत्रीची टोकं दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जाऊ लागले. डॉक्टर हिनांनी खोली दिसत असल्याचा नवा दाखला दिला आणि सावेकाकांनी नाइलाजानं तो दाखल करून घेतला, तर आता गाडी गेटपाशी येऊन थांबे आणि आत येतच नसे. मागे स्कूटरची रांग लागायची. "साहब, दोनों तरफ जगह है, ट्रक निकल जाएगा," वॉचमन विनवायचा. प्रफुल्लराव खाली उतरून दोन्ही खांब डोळे भरून बघून यायचे आणि पुन्हा गाडीत बसून घाम पुसायचे. सावेकाका हताश होऊन म्हणाले, "आधी हा माणूस खांबासकट आत यायचा. आता खांब आहे म्हणून येत नाही!"

नारळी पौर्णिमा जवळ आली. दातिवऱ्याहून अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे प्रफुल्लरावांचे धाकटे काका, वरच्या आळीचे सर्वेसर्वा. "ये रे प्रफुल्ला वेळेवर. दामूनं औंदा खास नारळ राखून ठेवलाय. तू हायस म्हणून आमाला चिंता नाय."

"चष्मा काढून ठेवा ना त्या वेळी," स्वातीताईंनी तोडगा काढला. "काढला की तुम्हाला पूर्वीसारखंच दिसतं. धरा हात आणि मोकळे व्हा."

इतकं सोपं होतं ते. प्रफुल्लराव सुटल्यासारखे झाले.

दुपारी आळीच्या तोंडाशी गर्दी जमली. अण्णांनी प्रफुल्लरावांच्या डोक्याला पंचा बांधला. त्यांनी चष्मा काढून खिशात टाकला, बोटांनी वाजवून निवडलेला नारळ मुठीत धरला आणि हात पुढे केला. दामूनं हात वर नेला. होडी ओढून ओढून झालेला तो हात बघूनच पहिल्या रांगेतली माणसं मागे सरली. प्रफुल्लरावांसमोर दामूचं सपाट चित्र होतं. चित्र हललं, हादरा बसला, आणि दामूचा नारळ फुटला.

"हाललाच नाय!" आळी ओरडली. अण्णांनी त्यांना मिठी मारली. "बापाचं नाव राखलंस रे! लेक कोणाला भ्यायचा नाय!"

प्रफुल्लराव हसले, पण त्यांना मुळीच आनंद झाला नाही. वडिलांचं कौतुक असं खिशात चष्मा लपवून घ्यायचं, याची त्यांना शरम वाटली. दामूनं राखून ठेवलेला खास नारळ आता काढला. काळपट, छोटा, दगडासारखा. दुसरा डाव. प्रफुल्लरावांचा हात खिशात गेला. गर्दीतून स्वातीताईंनी मान हलवून "नको, नको" केलं. त्यांनी चष्मा लावला.

"चष्मा कशाला रं? पोरगी बघायला चाललास?" दामू म्हणाला आणि सगळे हसले.

पहिल्यांदा प्रफुल्लरावांना दिसलं की दामूचा हात वर आहे, आपली बोटं खाली आहेत आणि दोन्हीच्या मध्ये जागा आहे. ती जागा त्यांना स्वच्छ दिसत होती. मग नारळ निघाला आणि ती जागा कमी होऊ लागली. नारळ येत होता. आजवर तो कधी आलाच नव्हता, नुसता पोहोचला होता. आता तो येत होता, त्याच्या शेंडीचे केस एकाच्या पुढे एक, शेंडीमागे दामूची मूठ, मुठीमागे दामूचे दात, आणि सगळंच्या सगळं त्यांच्या पाच बोटांवर.

"आई गंऽऽऽ!" प्रफुल्लराव एवढ्या मोठ्यानं ओरडले की नारळीवरचे कावळे उडाले.

फट्‌ आवाज झाला. प्रफुल्लरावांच्या हातात दोन भकलं होती आणि चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. बोटं शाबूत होती. हात जिथे होता तिथेच होता. तो का राहिला, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पायांनी तर निघायची पूर्ण तयारी केली होती.

"भ्याला! प्रफुल्ल भ्याला!" खालची आळी नाचायला लागली. अण्णांचा चेहरा पडला. "काय झालं रे तुला? इतकी वर्षं कधी हूं का चूं नाय केलंस. आज बाईमाणसावानी ओरडलास?"

"भ्यालो, अण्णा," प्रफुल्लराव चष्मा पुसत म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. "फार भ्यालो. पण माझा हात बघितलात का?"

"हात?" दामू म्हणाला. "हात तर तुजा कदीच हालत नाय. त्यात नवीन काय हाय?"

बरोबरच होतं त्याचं. प्रफुल्लरावांनी समजावून सांगायला तोंड उघडलं, माशीपासून सुरुवात करावी लागेल हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी ते मिटलं.

जिंकणाऱ्यानं फुटलेला नारळ घ्यायचा आणि त्यातला एक तुकडा हरणाऱ्याला द्यायचा असतो. प्रफुल्लला द्यायचं ते हातात ठेवायचं, टाकायचं नाही, हे साऱ्या दातिवऱ्याला पाठ होतं. पण जिंकण्याच्या भरात दामू विसरला. "घे रं!" म्हणून त्यानं लांबूनच खोबऱ्याचा तुकडा भिरकावला. तुकडा उन्हात गरगरत आला, मधली जागा ओलांडत, आणि प्रफुल्लरावांनी हात वर करून तो झेलला.

कुणाचं लक्षही गेलं नाही. खोबऱ्याचा तुकडा झेलला याचं कौतुक कोण करणार? दातिवऱ्याचं शेंबडं पोरही झेलतं. प्रफुल्लराव मूठ मिटून वाडीतल्या चिकूच्या झाडाकडे बघत राहिले. वरच्या फांदीवर आत्ता वडील असायला हवे होते, असं त्यांना फार वाटलं. एकच चिकू टाकला असता तरी चाललं असतं.

स्वातीताई गर्दीतून वाट काढत जवळ आल्या. त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी पदरानं त्यांच्या चष्म्यावरचं पाणी पुसलं, आणि मग त्याच पदरानं स्वतःचे डोळे.

"खा आता तो," त्या म्हणाल्या. "आणि नाकाचं मी अजून विसरलेले नाही हं."

प्रफुल्लरावांनी दोन्ही डोळ्यांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "ते पुढे आहे ते आहेच," ते म्हणाले. "पण नेमकं किती, ते आता कळतं."

स्वातीताईंनी जमिनीवरची करवंटी उचलून उगारली आणि प्रफुल्लराव अगदी वेळेवर मागे सरकले.